पूजेतला पाना

कलकत्त्यात उतार नाही. हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचून सांगत नाही, दोन महिने बाबा आणि काकांच्या मागे उन्हातान्हात हिंडून सांगते आहे. सगळं शहर परातीसारखं सपाट. पाऊस पडला की पाण्यालासुद्धा कळत नाही कुठे जायचं ते. अशा शहरात राहून उतारावरून सोडायची आणि वर खड्ड्यावरून उडवायची गाडी घरी बनवावी, असं ज्या घरातल्या दोन मोठ्या पुरुषांना एकाच वेळी वाटलं, त्या घरात मी जन्माला आले. त्याला माझा इलाज नव्हता.

बाबा खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये होते. बोटीवरून उतरलेल्या लोकांच्या ट्रंका उघडायच्या, आतलं सगळं उलथंपालथं करायचं आणि समाधान झालं की झाकणावर खडूने फुली मारायची, हे त्यांचं काम. फुली म्हणजे पास. तो खडू घरी आल्यावरही खिशातच असायचा. लोणच्याच्या बरणीचा दादरा नीट बांधलाय की नाही हे पाहून त्यांनी बरणीवर फुली मारलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. आणि एकदा फुली पडली की प्रत्यक्ष ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती वस्तू पुन्हा तपासली जायची नाही.

गाडीची कल्पना मात्र काकांची. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. नोकरी शोधायला दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याहून आले, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. नोकरी सापडली नव्हती, मतं मात्र रोज नवीन सापडत. एका रविवारी आम्ही सगळे फिरायला निघालो असताना खिदिरपूरच्या पुलाच्या उतारावरून काही अँग्लो-इंडियन पोरं फळीला बेअरिंगं ठोकून केलेल्या गाडीवर बसून खडखडत खाली आली. मी आणि दादा तोंड उघडं टाकून बघत राहिलो. काकांनी नाक मुरडलं.

"ह्यॅ! डांबरी रस्त्यावर काय, जेवायचा पाटसुद्धा पळेल. चिखलातून, ढेकळांतून जाईल, वाटेत खड्डा आला तर त्याच्यावरून उडेल, तिला गाडी म्हणायचं!"

बाबा चार पावलं चालले आणि म्हणाले, "चाकं मोठी लागतील." झालं. आईने तिथेच कपाळाला हात लावला.

चाकं आईचीच गेली. स्वातंत्र्य मिळाल्यावर साहेबलोक सामान विकून आपल्या देशी निघाले, तेव्हा एका साहेबाच्या घरच्या लिलावातून बाबा एक बाबागाडी घेऊन आले होते. घरात तान्हं बाळ नव्हतं. मी सात वर्षांची होते आणि बसवून पाहिलं तर माझे पाय जमिनीला टेकत होते. "साहेबाची वस्तू आहे, वाया जायची नाही," हे बाबांचं स्पष्टीकरण. आईने तिच्यात कांदे-बटाटे ठेवले. चार वर्षं आमचे कांदे विलायती स्प्रिंगांवर झोपले. आता बाबा आणि काका पाना घेऊन चाकं सोडवायला बसले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एकट्या कांद्यांना या घरात थोडी चैन होती, तीही काढून घ्या."

गाडी म्हणजे गोदीतल्या खोक्यांची एक जाड फळी, मागे दोन चाकं पक्की, पुढे दोन चाकं एका आडव्या दांड्यावर. हा दांडा फळीखाली एकाच मोठ्या बोल्टवर फिरायचा. वरून बोल्ट, खालून नट. दांड्याच्या दोन टोकांना दोरी बांधलेली, ती घोड्याच्या लगामासारखी हातात धरायची, पाय दांड्यावर ठेवायचे आणि वळवायचं. ब्रेक म्हणजे आपल्या चपला. काकांनी आलेखाच्या कागदावर तिचं चित्र काढलं होतं, ते इतकं सुंदर होतं की गाडी त्याच्यासारखी झाली नाही याचं दुःख गाडीला झालं असेल.

मग उतार. फोर्ट विल्यमच्या तटाकडची हिरवळ काकांना फार आवडली. तिथल्या पहारेकऱ्यालाही काका फार आवडले, त्याने त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं. मैदान झालं, नाल्याचा काठ झाला, रेल्वेचा बांध झाला. शेवटी उतार निघाला कुठे, तर आमच्या क्वार्टर्सच्या मागे. युद्धात बॉम्बच्या भीतीने तिथे एक निवारा बांधून त्याच्यावर मातीचा मोठा ढीग घातला होता आणि पुढे लांबलचक खंदक खणला होता. युद्ध संपलं, निवारा गवताखाली गेला, खंदकात गुडघाभर पाणी साचलं आणि बेडूक राहायला आले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. आमचा वळसा दोन महिन्यांचा होता.

चाचण्या मी केल्या. मोठ्या मनाने मला संधी दिली असं कुणी समजू नये. "हिचं वजन कमी, शिवाय पडली तर उचलायला सोपी," हे काकांचं शास्त्र, आणि दादाची वार्षिक परीक्षा, तिकडे ती डिसेंबरात असे, जवळ आली होती म्हणून त्याचा हात मोडून चालणार नव्हतं, हे बाबांचं. माझीही परीक्षा जवळ होती, पण माझ्या हाताने लिहिलेल्या पेपरांवर कुणाचं काही अडलेलं नव्हतं. दादा चौदा वर्षांचा, हुशार, सज्जन. एकदाच बसला, तो खाली येईपर्यंत डोळे मिटून होता. मी मात्र रोज शाळेतून आले की ढिगाऱ्यावर. कोपरं फुटली, फ्रॉकचे घेर फाटले, एकदा तोंडात माती गेली ती दोन दिवस दातांत करकरत होती. पण ती गाडी मला कळली. ती डावीकडे ओढते, ओल्या गवतावर शेपूट हलवते, वेग आला की गुरगुरते. खंदकापर्यंत जायचं आणि चपला घासून काठावर थांबायचं, एवढीच परवानगी होती. काठावर काकांनी फळीचा एक चढ बसवून ठेवला होता, त्याच्याकडे बघत मी गाडी पुन्हा वर ओढत न्यायची.

एके दिवशी काका म्हणाले, "उडीसुद्धा तूच मारायचीस. माझा शब्द." माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. मी अकरा वर्षांची होते, मोठ्या माणसाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ असं मला वाटे. त्यानंतर भूमितीच्या तासाला मी खंदक ओलांडत असे, जेवताना खंदक ओलांडत असे. मला ती उडी हवी होती.

दिवस बाबांनी ठरवला. दसरा. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, गावाची शीव ओलांडून यायचं, घरी आलं की बायकांनी ओवाळायचं, ही रीत. कलकत्त्यात आम्ही दर वर्षी ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत जात होतो आणि त्याच ट्रामने परत येत होतो. आमचा पराक्रम कंडक्टरने पंच केलेल्या तिकिटांवर. "या वर्षी खरोखरचं सीमोल्लंघन," बाबा म्हणाले. त्यांनी ओळखीच्या तीन मराठी घरांना निरोप धाडले, शेजारच्या बंगाली माशीमांनाही, म्हणजे मावशींनाही, बोलावलं. बाबांना काहीतरी करून दाखवण्यापेक्षा ते कुणीतरी बघण्याची हौस जास्त.

दसऱ्याला सकाळी गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. पाटावर शस्त्रपूजा मांडली. आमची शस्त्रं म्हणजे विळी, कात्री, हातोडी, करवत, बाबांचं पेन, दादाचा कंपासपेटीतला कर्कटक आणि घरातला एकमेव पाना. बाबांनी सोवळं नेसून सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. मी बाहेर गाडी फडक्याने पुसत होते. खालून हात फिरवला तर मधल्या बोल्टचा नट बोटाने फिरला. घट्ट केला, दांडा दोनदा हलवून पाहिला, पुन्हा सैल.

मी आत धावले. "बाबा, मधला नट सैल झालाय. पाना द्या ना."

"पाना पूजेत आहे."

"पण सैल आहे!"

"काल मी स्वतः तपासलाय. फुली मारली आहे."

"फुली धुतली गेली, बाबा."

"फुली धुतली म्हणून तपासणी धुतली जात नाही," बाबा म्हणाले. "पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नाही. एवढंही कळत नाही का?"

शेजारी पाना मिळाला असता, माशीमांच्या यजमानांकडे अख्खी पेटी होती. पण स्वतःच्या घरी पाना असताना बंगाल्याकडे मागायचा म्हणजे बाबांचं नाक कापलं गेलं असतं. नाक शाबूत, नट सैल. आई पाटाजवळ फुलं निवडत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पान्याकडे, आणि फुलं निवडत राहिली.

दुपारी मंडळी जमली. पुरुष कोट-टोप्यांत, बायका नव्या साड्यांत. माशीमा देवीला निरोप द्यायच्या आधीचा सिंदूर खेळून तशाच आल्या होत्या, सगळं तोंड लालभडक. लांबून ढाक, म्हणजे त्यांचा पूजेचा ढोल, वाजत होता. मी वेण्या घट्ट बांधून, फ्रॉक कमरेशी खोचून दोरी हातात घेतली, तेव्हा बाबा घसा साफ करून म्हणाले, "आता आमचे चिरंजीव खंदक ओलांडतील."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी काकांकडे बघितलं. काका वाकून बुटाची नाडी बांधत होते. ती आधीच बांधलेली होती.

"काका, तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, ते आपलं घरात," काका नाडीलाच म्हणाले. "चार लोकांत मुलीच्या जातीने असं पाय पसरून बसायचं, बरं दिसतं का?"

दोन महिने मी पाय पसरून बसत होते. ढिगाऱ्याला दिसत होतं, बेडकांना दिसत होतं, काकांना दिसत होतं. चार लोक आल्याबरोबर ते वाईट दिसायला लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून मी गाडी ओढत वर नेली, कारण गाडी ओढायला मुलीची जात चालत होती.

वर दादा माझ्यामागून आला. गाडीत बसला. मागून ढकलायचं काम माझं. दादा घाबरला की बंगालीत बोलायचा, म्हणजे आई-बाबांना कळू नये. "आमि पारबो ना," तो पुटपुटला. मला नाही जमायचं.

आता खरं सांगते. मी गप्प राहिले. नट सैल आहे हे मला माहीत होतं आणि मी त्याला सांगितलं नाही. मनात आलं, जाऊ दे ह्याला. पडू दे खंदकात, बसू दे बेडकांत, मग कळेल सगळ्यांना कुणाची गाडी आहे ती. चांगला दोनदा श्वास घेण्याएवढा वेळ मी तशी उभी होते. खालून बाबा हात हलवत होते. मग दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड अगदी तापात असायचं तसं झालं होतं.

"ऊठ," मी म्हटलं. "नट सैल आहे. ऊठ लवकर."

"मग तू कशी जाशील?"

"मला माहितेय कसं जायचं ते. ऊठ म्हणते ना!"

गाडी म्हणजे जणू तापलेला तवा, असा तो उठला. मी बसले. मला कळत होतं की जमिनीवर नटाचं काही अडत नाही, फळीचं ओझंच दांड्याला धरून ठेवतं. अडणार हवेत. तिथे दांडा खाली निसटणार, म्हणून दोरी जिवाच्या आकांताने वर ओढून दांडा फळीला चिकटवून धरायचा. मी दोरीचे दोन वेढे मनगटांना घेतले. "ढकल," मी म्हटलं. दादाने ढकललं, आणि बाबांना कळायच्या आत मी निम्म्यात आले होते.

उडीबद्दल लोक विचारतात काय वाटलं म्हणून. काही वाटायला वेळच नव्हता. चढाची फळी धाडकन वाजली, खालची गुरगुर एकदम थांबली, मनगटांत दोरी रुतली, खाली काळं पाणी दिसलं आणि मग असा दणका बसला की दात दातांवर आपटले. मागचा आस कडाडून मोडला. एक चाक सुटलं आणि पाहुण्यांमधून वाट काढत गेलं. मी गवतात पालथी पडले होते. पण गवत पलीकडच्या काठावरचं होतं.

सगळ्यांत आधी माशीमा ओरडल्या, "ओ मा! मेयेटा!" म्हणजे, अगं बाई, पोरगी! मग इतर बायका ओरडल्या. पुरुष बाबांकडे बघायला लागले. बाबा त्या सुटलेल्या चाकाकडे बघायला लागले. काका मात्र दोन्ही हात वर करून धावत आले. "मी म्हटलं नव्हतं? उडी हीच मारणार, म्हटलं नव्हतं?" निर्लज्जपणालाही वेग असतो, तो मी त्या दिवशी पाहिला. मी उठले, खंदकाला वळसा घालून अलीकडच्या काठावर चढाच्या फळीजवळ गेले आणि चिखलात पडलेला नट उचलून मुठीत धरला.

घरी परतताना बाबा सगळ्यांच्या पुढे चालत होते. दारात आई निरांजनाचं तबक घेऊन उभी होती. पाहुणे मागे जमलेले. बाबांनी पाट मांडला आणि दादाचा खांदा धरून त्याला बसवलं. रीत म्हणजे रीत. सीमोल्लंघन करून आलेल्या मुलाला ओवाळायचं. मुलाने ते केलं नव्हतं ही किरकोळ बाब. "ये गं," बाबा मला म्हणाले, "भावाला ओवाळ."

आईने तबक माझ्या हातात दिलं. माझी मनगटं सोलली होती, तबक धरवत नव्हतं. मी त्याला कुंकू लावायला वाकले, तर दादा पाटावरून उठून उभा राहिला. भिंतीला पाठ लावून.

"बस रे," बाबा म्हणाले.

"मी नाही ओलांडला, बाबा."

आईने माझ्या हातून तबक परत घेतलं. "बस," ती मला म्हणाली. चार लोकांसमोर, चिखलाच्या फ्रॉकने, मी पाटावर बसले. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि निरांजन माझ्या तोंडाभोवती तीनदा फिरवलं. ओवाळून घेणाऱ्याने तबकात काहीतरी घालायचं असतं. माझ्याजवळ काय होतं? मी मूठ उघडली आणि नट तबकात टाकला. टण्ण वाजला.

"हे काय गं?" एका पाहुण्या काकूंनी विचारलं.

"नट," मी म्हटलं. "सकाळी सांगितलेला."

बाबांनी तो तबकातून उचलला. उजेडाकडे धरला, उलटसुलट करून पाहिला, ट्रंकेतली वस्तू पाहतात तसा. मग पाहुण्यांना सोनं द्यायला वळले. आपट्याची पानं कलकत्त्यात कुठली, आम्ही कांचनाची वाटायचो. त्यांनी सगळ्यांना वाटली, नट मात्र डाव्या मुठीतच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उठली. मी मागच्या ओसरीवर मोडक्या गाडीजवळ बसले होते. बाबा आले. हातात पाना, त्याला अजून हळदकुंकू चिकटलेलं. तो त्यांनी माझ्यासमोर धरला, आणि दुसऱ्या हातात नट. चूक झाली असं म्हणायची आमच्या घरात पुरुषांना सवय नव्हती, त्यामुळे मीही वाट पाहिली नाही. नट चढवला, पिळून घट्ट केला. मग त्यांनी खिशातला खडू काढला. मला वाटलं, आता फुली मारणार. त्यांनी तो खडू माझ्या तळहातावर ठेवला.

"तूच तपास," म्हणाले.

मी गाडी उलटी केली. पुढचा दांडा पाहिला, दोरी पाहिली, मोडलेला आस पाहिला, तीन चाकं मोजली. सगळं सावकाश. बाबा उभेच होते. मग मी फळीवर, फुलीच्या जागी, मोठ्या अक्षरांत लिहिलं: नापास.

बाबांनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं, इतकी काही त्यात अक्षरं नव्हती.

"बरोबर आहे," ते म्हणाले.